क्लॅशचा आवाज : बदलला, बिघडला की मोठा झाला?



होस्टेलमध्ये कुठला वाद किती वाजता सुरू होईल याचा नेम नसतो. मेसच्या भाजीवरून सुरू झालेली चर्चा रात्री दोनला ए. आर. रहमानवर जाऊन पोचते, आणि मग कुणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतोच, "पण तो आता पहिल्यासारखा राहिला नाही!" झालं. मग सकाळच्या प्रॅक्टिकलचं काय व्हायचं ते होवो.

'पहिल्यासारखा राहिला नाही' या वाक्यावर जगात सर्वांत जास्त भांडणं ज्या बँडवरून झाली असतील, त्यांत लंडनच्या 'द क्लॅश'चा नंबर बराच वर लागेल. हा बँड १९७६ मध्ये सुरू झाला, १९८६ च्या सुरुवातीला संपला. दहा वर्षं, सहा स्टुडिओ अल्बम. बँड बंद पडून चाळीस वर्षं होत आली तरी फॅन्सचं भांडण काही मिटलेलं नाही. ते का मिटत नाही, आणि त्यात आपल्यासारख्यांनी लक्ष घालण्यासारखं काय आहे, ते जरा सोडवून बघू या.

आधी थोडी ओळख

१९७६ चं लंडन. बेकारी वाढलेली, कॉलेज संपवून पोरं सरकारी भत्त्याच्या रांगेत. रॉक संगीत म्हणावं तर ते पार हाताबाहेर गेलेलं. वीस-वीस मिनिटांची गाणी, लांबलचक सोलो, स्टेजवर ट्रकभर सामान. या सगळ्याला कंटाळून पंक जन्माला आलं. त्याचा नियम सोपा होता : तीन कॉर्ड, दोन-अडीच मिनिटं, वेग भरपूर, आणि जे म्हणायचं ते तोंडावर. गिटार येत नसेल तरी चालेल, म्हणायला काहीतरी पाहिजे!

क्लॅशमध्ये मुख्य माणसं चार. गायक जो स्ट्रमर, गिटारिस्ट मिक जोन्स, बासवर पॉल सिमोनन, आणि १९७७ पासून ड्रमवर टॉपर हेडन. स्ट्रमरचं खरं नाव जॉन मेलर. त्याचा जन्म तुर्कस्तानात अंकाऱ्याचा, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात. आणि वडिलांचा जन्म कुठला? आपल्या लखनौचा! बोर्डिंग स्कूलमध्ये शिकलेला हा मुलगा कामगारवस्तीच्या वतीने गातो, यावरून विरोधकांनी त्याला आयुष्यभर टोमणे मारले. असो.

बाकीच्या पंक बँड्सपेक्षा क्लॅश वेगळे ठरले ते राजकारणामुळे. 'सगळं जाळून टाका' एवढ्यावर न थांबता बेकारी, वंशद्वेष, पोलिसांची दादागिरी, परदेशातली युद्धं यांवर ते गाणी करत. म्हणूनच त्यांचा आवाज बदलला तेव्हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा राहिला नाही. यांनी बाजू बदलली का, असा तो प्रश्न झाला.

फॅन्सचे तीन पक्ष

कुठल्याही क्लॅश-भक्ताला पाच मिनिटं बोलतं केलं की तो या तीनपैकी एका पक्षात सापडतो.

पहिला पक्ष : '७७ वाले. यांच्या मते पहिला अल्बम हाच खरा क्लॅश. पुढचं सगळं रेकॉर्ड कंपनीच्या नादाला लागून बिघडलेलं.

दुसरा पक्ष : 'लंडन कॉलिंग' वाले. पहिला अल्बम ठीक, पण १९७९ साली त्यांनी जे केलं ते शिखर. त्याच्यानंतर उतार.

तिसरा पक्ष : 'सँडिनिस्टा' वाले. संख्येने कमी, आवाजाने जास्त. यांच्या मते ज्या तिहेरी अल्बमला लोक पसारा म्हणतात तोच क्लॅशचा सर्वांत धाडसी प्रयोग.

आता एकेक अल्बम टेबलावर घेऊ, म्हणजे कोण कुठे बरोबर आहे ते दिसेल.

पहिला अल्बम : कच्चा, पण तेवढाच नाही

जानेवारी १९७७ मध्ये क्लॅशने सीबीएस या बड्या कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला. 'स्निफिन ग्लू' नावाचं पंकवाल्यांचं झेरॉक्स छाप मासिक काढणाऱ्या मार्क पेरीने लगेच जाहीर करून टाकलं, की त्या दिवशी पंक मेलं. म्हणजे गंमत बघा, पहिला अल्बम बाजारात यायच्या आधीच 'विकले गेले' हा शिक्का बसला होता!

अल्बम एप्रिल १९७७ मध्ये आला. तीन वीकेंडमध्ये रेकॉर्ड केलेला, खर्च सुमारे ४ हजार पौंड, आणि निर्माता कोण, तर त्यांच्याच कार्यक्रमांचा साउंड सांभाळणारा मिकी फूट. त्यामुळे आवाज पत्र्यासारखा, गिटारी कर्कश. सीबीएसच्या अमेरिकन शाखेला तो इतका ओबडधोबड वाटला की त्यांनी तो तिथे काढलाच नाही. शेवटी जुलै १९७९ मध्ये काही गाणी बदलून काढला, तोपर्यंत इंग्लंडहून आयात केलेल्या प्रतीच तिथे धडाधड खपत होत्या.

इथे '७७ वाल्यांचा मुद्दा मान्य करायला हवा. हा आवाज ऐकून कुणालाही वाटे, की हे तर आपणही करू शकतो. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात अंतर नव्हतं. राजकीय गाण्यासाठी ही गोष्ट छोटी नाही.

पण याच अल्बममध्ये '७७ वाल्यांची अडचणही लपलेली आहे. बाकी गाणी दोन-तीन मिनिटांची, आणि मध्येच एक तब्बल सहा मिनिटांचं गाणं. 'पोलीस अँड थीव्ह्ज'. मूळ गाणं जमैकाच्या ज्युनिअर मर्विनचं, १९७६ चं, रेगे.

रेगे म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगतो. 'एक-आणि-दोन-आणि' असं मोजत टाळी वाजवा. रॉकची गिटार आकड्यांवर जोर देते, रेगेची गिटार मधल्या 'आणि'वर वाजते, आणि पहिल्या मात्रेवर ड्रम बहुतेक वेळा चक्क गप्प असतो. आपल्याकडे समेवर सगळे एकत्र येतात, इथे समच मोकळी! क्लॅशने काय केलं, तर एक गिटार आकड्यावर ठेवली आणि दुसरी 'आणि'वर. म्हणजे पंक आणि रेगे एकाच गाण्यात शेजारी-शेजारी.

याला कारण होतं. सिमोनन वाढला तो ब्रिक्स्टनसारख्या कॅरिबियन वस्तीच्या भागात. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिलच्या कार्निव्हलमध्ये काळे तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल झाली, तेव्हा स्ट्रमर आणि सिमोनन तिथे हजर होते. 'व्हाइट रायट' हे त्यांचं पहिलं सिंगल त्यातूनच आलं. अर्थ असा, की काळी पोरं अन्यायाविरुद्ध उभी राहतात, मग आपण गोरे का गप्प? पण नुसतं नाव ऐकून काही वंशद्वेष्ट्यांना ते आपलंच गाणं वाटलं. पुढे मिक जोन्सला ते वाजवणं नकोसं झालं आणि त्यावरून त्याची आणि स्ट्रमरची मारामारीपर्यंत वेळ आली. तेव्हा, नुसता वेग आणि आरडाओरडा यांनी राजकारण नीट पोचतं, असंही नाही.

दुसरा अल्बम : अमेरिकन पॉलिश

नोव्हेंबर १९७८ चा 'गिव्ह एम इनफ रोप'. निर्माता अमेरिकन, सँडी पर्लमन. त्याने गिटारीवर गिटारी चढवल्या, ड्रम्स पुढे आणले, सगळं घासूनपुसून चकचकीत केलं. ब्रिटनच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि '७७ वाल्यांनी कपाळावर हात मारला. या अल्बमबाबत तिन्ही पक्षांचं साधारण एकमत आहे : गाणी चांगली, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. पर्लमन टॉपर हेडनला 'मानवी ड्रम मशीन' म्हणे, इतका त्याचा हात अचूक. टॉपर सोल, जॅझ, फंक सगळं वाजवणारा. आमच्या मते आवाज बदलण्याचं सर्वांत मोठं तांत्रिक कारण कंपनी नाही, निर्माता नाही, तर हा माणूस. गिटारिस्टला नवीन सुचणं वेगळं आणि ते पेलणारा ठेका असणं वेगळं. बिल्डिंग किती मजली होणार हे पाया ठरवतो, हे आपल्या सिव्हिलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

लंडन कॉलिंग : सगळी दारं उघडली

आता १९७९. एप्रिलमध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये, म्हणजे मुख्यतः पंजाबी लोकांच्या वस्तीत, नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाने सभा ठेवली. विरोधात हजारो लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापट झाली, त्यात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला आणि शेकडो जणांना अटक झाली. जुलैमध्ये पकडलेल्यांच्या कोर्टखर्चासाठी रेनबो थिएटरमध्ये कार्यक्रम झाले, त्यांत क्लॅश वाजले. त्याआधी एप्रिल १९७८ मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या प्रचंड सभेतही ते होतेच. तेव्हा 'आवाज गुळगुळीत झाला म्हणजे माणसं गुळगुळीत झाली' असं म्हणणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात.

त्या कार्यक्रमांनंतर काही आठवड्यांतच त्यांनी वेसेक्स स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू केलं. निर्माता गाय स्टीव्हन्स म्हणजे एक अवली माणूस. वातावरण तापावं म्हणून खुर्च्या फेकायचा, शिड्या आपटायचा, पियानोत वाइन ओतायचा. पण त्याचं म्हणणं योग्य होतं : सूर इकडेतिकडे झाला तरी चालेल, जीव हवा. म्हणजे दुसऱ्या अल्बमच्या बरोबर उलट पद्धत.

डिसेंबर १९७९ मध्ये 'लंडन कॉलिंग' आला. दोन तबकड्या, १९ गाणी. त्यात रॉकाबिली आहे, स्का आहे, जॅझ आहे, रेगे आहे आणि नव्वद टक्के पॉप म्हणता येईल असं प्रेमभंगाचं एक गाणंही आहे, जे इतक्या उशिरा घातलं की मूळ कव्हरवर त्याचं नावच नव्हतं. शीर्षक आलं बीबीसीच्या जागतिक रेडिओसेवेच्या घोषणेवरून, आणि शीर्षकगीतात त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुभट्टीच्या अपघाताची भीती आहे. स्पेनच्या यादवी युद्धावर गाणं आहे, सुपरमार्केटमध्ये हरवलेल्या माणसावर आहे. सिमोननने स्वतः लिहून गायलेलं 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' तर ब्रिक्स्टनच्या १९८१ च्या दंगलीच्या सव्वा वर्ष आधीचं!

किमतीची युक्तीही ऐकण्यासारखी. दोन तबकड्यांचा अल्बम एका तबकडीच्या किमतीत विकायला कंपनी तयार होईना. बँडने मागितलं, "बरं, सोबत एक बारा इंची सिंगल फुकट द्या." कंपनी हो म्हणाली. त्या 'सिंगल'वर यांनी नऊ गाणी भरली. झाला डबल अल्बम!

मिक्सर हेच वाद्य

आता येतो सर्वांत भांडणाचा अल्बम. डिसेंबर १९८० चा 'सँडिनिस्टा!'. तीन तबकड्या, सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा अशी ३६ गाणी. नाव निकाराग्वाच्या क्रांतिकारकांचं, आणि अल्बमचा कॅटलॉग नंबरसुद्धा त्यांच्या संघटनेच्या आद्याक्षरांवरून. किंमत कमी ठेवण्यासाठी बँडने ब्रिटनमधल्या पहिल्या २ लाख प्रतींची रॉयल्टी सोडली. ज्यांच्यावर 'विकले गेले' असा आरोप, त्यांनी हा व्यवहार केला.

हा अल्बम समजायचा तर डब समजायला हवं, आणि ते इंजिनिअरिंगच्या पोरांना इतरांपेक्षा लवकर समजेल. जमैकात किंग टबी नावाचा माणूस होता. धंदा काय, तर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती. त्याने रेकॉर्ड झालेल्या गाण्याचे ट्रॅक मिक्सरवर सुटे केले. गाणाऱ्याचा आवाज मध्येच काढून टाकायचा, फक्त बास आणि ड्रम ठेवायचे, गिटारचा एक फटका टेपच्या एकोमध्ये सोडायचा आणि तो विरत जाऊ द्यायचा. म्हणजे वादक घरी गेल्यावर टेक्निशियन बसून नवीन गाणं बनवतो! सर्किट उघडून बघणाऱ्याने संगीत बदललं, ते असं. 'सँडिनिस्टा!'त मायकी ड्रेड या जमैकन कलाकाराच्या साथीने क्लॅशने हेच केलं, एकच गाणं दोन-दोन रूपांत ठेवलं.

शिवाय न्यूयॉर्क. १९८० च्या वसंतात ते तिथे रेकॉर्डिंगला होते आणि रॅप नुकतं रस्त्यावरून रेकॉर्डवर येत होतं. मिक जोन्स त्याच्या प्रेमात पडला आणि 'द मॅग्निफिसेंट सेव्हन' तयार झालं. सकाळी सातला उठून राबणाऱ्या नोकरदाराच्या दिवसाचं ते गाणं, फंकच्या ठेक्यावर. त्याचं रिमिक्स न्यूयॉर्कच्या काळ्या श्रोत्यांच्या रेडिओवर वाजायला लागलं. लंडनच्या गोऱ्या पोरांचा पंक बँड तिथे वाजतो, ही गोष्ट पहिल्या अल्बमच्या आवाजात शक्य नव्हती.

आणि राजकारण? 'वॉशिंग्टन बुलेट्स' या गाण्यात चिली, क्यूबा या देशांत अमेरिकेने काय केलं ते आहेच, पण अफगाणिस्तानातला रशिया आणि तिबेटमधला चीनही सुटलेला नाही. आणि हे सगळं मरिंबाच्या गोड, नाचऱ्या सुरावर. '७७ वाले म्हणतात, राग कुठे गेला? तिसरा पक्ष म्हणतो, राग आहे, फक्त आता तो ओरडत नाही.

खरं सांगायचं तर ३६ पैकी बारा-पंधरा गाणी गाळली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. जर्नलची पानं भरायची म्हणून भरल्यासारखी काही आहेत. पण कुठली गाळायची यावर दोन फॅन्सचं एकमत होत नाही, ही त्यातली मजा.

बाँड्समधली रात्र

फॅन्सच्या भांडणाचं सर्वांत कडू उदाहरण १९८१ चं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या 'बाँड्स' या जागेत क्लॅशचे आठ कार्यक्रम ठरले होते. क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, अग्निशमन खात्याने आक्षेप घेतला, आणि तिकीट काढलेल्या प्रत्येकाला बघता यावं म्हणून बँडने एकूण १७ कार्यक्रम केले. त्यांत आधी वाजवायला त्यांनी रॅपमधले ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांना बोलावलं. क्लॅशच्याच फॅन्सनी त्यांची हुर्यो उडवली आणि वस्तू फेकून मारल्या. वंशद्वेषाविरुद्धच्या बँडचे फॅन्स काळ्या कलाकारांना स्टेजवरून हाकलतायत! नंतर क्लॅशच्या मंडळींनी प्रेक्षकांना चांगलंच सुनावलं.

'आवाज बदलला' ही तक्रार निरागस असू शकते. पण कधीकधी त्या तक्रारीच्या आत 'आमच्यात दुसऱ्यांना आणू नका' हे दडलेलं असतं. क्लॅशच्या फॅन्सना स्वतःबद्दल ही गोष्ट त्या दिवशी कळायला हवी होती.

हिट गाणं आणि त्याचा हिशोब

मे १९८२ चा 'कॉम्बॅट रॉक'. मिक जोन्सने डबल अल्बमइतका लांब मिक्स केला होता. बाकीच्यांना तो पसरट वाटला, म्हणून ग्लिन जॉन्स या अनुभवी माणसाला बोलावून तो एका तबकडीत बसवला. इथे मॅनेजर बर्नी ऱ्होड्सचा किस्सा सांगतात. गाणी लांबत चाललेली बघून त्याने वैतागून विचारलं, की प्रत्येक गाणं रागदारीइतकं लांब असायलाच हवं का? स्ट्रमरने तो 'राग' शब्द उचलला आणि 'रॉक द कॅज्बा'ची सुरुवात केली. त्या गाण्याचा पियानो, बास आणि ड्रम हे तिन्ही एकट्या टॉपरने वाजवलेले. अमेरिकेत गाणं आठव्या क्रमांकावर गेलं. पण ते गाजेपर्यंत हेरॉइनच्या व्यसनापायी टॉपरला बँडमधून काढलेलं होतं.

गाण्याची गोष्ट अशी : राजा संगीतावर बंदी घालतो, लोक ऐकत नाहीत, आणि बॉम्ब टाकायला पाठवलेले वैमानिकसुद्धा हुकूम मोडतात. आणि १९९१ च्या आखाती युद्धात हेच गाणं अमेरिकन सैन्याच्या रेडिओवर वाजलं! त्याच वर्षी याच अल्बममधलं 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो' जीन्सच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. इथे '७७ वाले पुन्हा हात वर करतात, की आवाज सगळ्यांना गोड लागेल असा केला की तो कुणीही वापरतो. मुद्दा खोटा नाही.

पण त्याच अल्बमवर 'स्ट्रेट टू हेल' आहे. स्थलांतरितांवरचं आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक मागे सोडून गेलेल्या मुलांवरचं संथ, उदास गाणं, पंकचा मागमूस नसलेलं. पंचवीस वर्षांनी श्रीलंकन तमिळ वंशाच्या एम.आय.ए. या गायिकेने त्याचाच तुकडा घेऊन 'पेपर प्लेन्स' केलं, आणि ते 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये आलं. मुंबईवरचा तो सिनेमा बघताना तुमच्यापैकी अनेकांनी क्लॅश ऐकलाय, नाव माहीत नसताना!

उलटा प्रयोग

आता वादाचा निकाल लावायचा तर एक पुरावा असा आहे, की जो '७७ वाले सहसा काढत नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये मिक जोन्सलाही काढून टाकलं. स्ट्रमर आणि मॅनेजरने नवी पोरं घेतली आणि ठरवलं, की रेगे-फंक-रॅप बंद, आता पुन्हा मूळ पंक! म्हणजे '७७ वाल्यांची मागणी शंभर टक्के मंजूर. १९८५ साली नोव्हेंबरमध्ये 'कट द क्रॅप' आला. ड्रम मशीनवर, घोषणाबाज कोरस लावलेला, निर्माता खुद्द मॅनेजर, टोपणनावाने. त्यातलं 'धिस इज इंग्लंड' हे एक गाणं सोडलं तर तो अल्बम कुणालाच आवडला नाही, '७७ वाल्यांनाही नाही. २०१३ मध्ये क्लॅशचा मोठा बॉक्स सेट निघाला, त्यातून तो वगळला गेला.

यावरून आम्हाला तरी असं वाटतं, की १९७७ चा आवाज कच्चा होता म्हणून चांगला नव्हता. त्या चार पोरांना तेव्हा तेवढंच येत होतं, तेवढेच पैसे होते, आणि त्यातून त्यांनी सगळं ओतलं होतं. दोन वर्षांनी जास्त येत होतं, जास्त जग दिसत होतं. तरीही ते तेच वाजवत बसले असते, तर तो प्रामाणिकपणा न राहता नुसता गणवेश झाला असता. मात्र जे गेलं तेही मोजायला हवं. 'हे मीही करू शकतो' हा जो विश्वास पहिला अल्बम देतो, तो 'सँडिनिस्टा!' देत नाही.

चौथ्या वर्षाला बसलेल्या मंडळींना हा विषय जवळचा वाटेल. कॅम्पसमधून मोठ्या कंपनीत गेलेल्या सीनिअरबद्दल आपण 'बदलला' असं पटकन म्हणतो. त्याची भाषा बदलली का, कपडे बदलले का, हे दिसतं. तो कुणासाठी काय सोडायला तयार आहे, हे लगेच दिसत नाही. क्लॅशच्या बाबतीत ते २ लाख प्रतींच्या रॉयल्टीत दिसलं.

ऐकायचंच असेल तर क्रम सुचवतो. आधी 'पोलीस अँड थीव्ह्ज', मग 'लंडन कॉलिंग', मग 'द मॅग्निफिसेंट सेव्हन', मग 'स्ट्रेट टू हेल'. चार गाणी, वीस-बावीस मिनिटं. हेडफोन चांगला घ्या, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि इथे निम्मी गंमत बासमध्ये आहे. स्टाफरूममधल्या ज्या सरांकडे जुनी तबकडी किंवा कॅसेट असेल त्यांनी कृपया पोरांना एकदा ऐकवावी.

शेवटी एवढंच. १५ नोव्हेंबर २००२ ला लंडनच्या अ‍ॅक्टनमध्ये, संपावर असलेल्या अग्निशमन कामगारांच्या मदतीसाठी स्ट्रमर आपल्या नव्या बँडबरोबर गात होता. प्रेक्षकांतला मिक जोन्स गिटार घेऊन स्टेजवर चढला. एकोणीस वर्षांनी दोघं एकत्र वाजले, तेही 'व्हाइट रायट'सकट, ज्यावरून कधीकाळी मारामारी झाली होती. महिनाभराने, २२ डिसेंबरला, वयाच्या पन्नाशीत स्ट्रमर हृदयविकाराने गेला. आवाज कुठला खरा, यावर त्या दोघांचं एकमत झालं होतं की नाही कोण जाणे. कार्यक्रम कुणासाठी करायचा, यावर मात्र झालं होतं.

बघा, पटतंय का. नसेल पटत तर रूमवर या, चहा तुमचा!